खोळंब्याची उधारी

पावसाळा लागला की आमच्या टपालाचा विषय ठरलेला: रस्ता. पण पुण्यातून आलेल्या यंदाच्या पत्रांत खड्डे, सिग्नल आणि पुलांची तक्रार दोन ओळींत उरकलेली दिसते. उरलेलं पानभर एकच काळजी असते, की रस्त्यात ‘वाया गेलेला’ वेळ भरून कसा काढायचा. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं वाहतूक नियोजन आणि कामगार सल्ला या दोन क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : राहायला वाकडला, ऑफिस हिंजवडी फेज तीनला. एरवी पाऊण तास लागतो. मागच्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि अडीच तास लागले. टीम लीड शांतपणे म्हणाला, “हरकत नाही, संध्याकाळी भरून काढ.” मी साडेनऊपर्यंत बसलो. आता रोज एक तास आधी निघतो. तरी हिशेब कुठेतरी चुकतोय असं वाटतं. कुठे?

दोन ठिकाणी चुकतोय.

पहिली चूक खातेवहीतली. रोजचे जाऊन-येऊन दीड तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर तुमचे ३३ तास रस्त्यावर जातात. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर हे चार दिवसांहून जास्त झाले. हे ३३ तास कोणाच्याच वहीत नाहीत, कंपनीच्याही नाहीत आणि तुमच्याही नाहीत. पण एका सकाळी पावणेदोन तास जास्त लागले आणि ते लगेच तुमच्या नावावर उधार पडले. प्रवास सुरळीत असला की तो तुमचा खाजगी मामला, आणि अडला की कंपनीचं नुकसान. टीम लीड वाईट माणूस आहे म्हणून असं होत नाही. कामाच्या जगात वेळेची वही ठेवायची रीतच तशी पडली आहे, आणि तुम्हीही नकळत तीच वही ठेवताय. साडेनऊपर्यंत बसलात तेव्हा नेमकं कोणतं काम राहिलं होतं? त्याचं नाव सांगता येत असेल तर ते काम करणं ठीकच. नाव सांगता येत नसेल तर ते नुसतं प्रायश्चित्त होतं. पुढच्या वेळी ‘भरून काढ’ ऐकलं की सरळ विचारा, “आजच्या आज काय लागतंय?” बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते आणि ती पाऊण तासात होते.

दुसरी चूक आधी निघण्यातली. रोज एक तास आधी म्हणजे महिन्याचे २२ तास, आणि तेही एका पावसाच्या भीतीने. त्याऐवजी सलग दहा कामाचे दिवस दारापासून दारापर्यंतची मिनिटं लिहून काढा. पार्किंग आणि लिफ्टची रांगही त्यात धरायची. मग आकडे चढत्या क्रमाने लावा. समजा ते असे आले: ५२, ५५, ५८, ६०, ६१, ६३, ६६, ७४, ८८, ११५. यांची सरासरी ६९. बहुतेक लोक सरासरी धरून निघतात आणि दहातले तीन दिवस उशिरा पोचतात. आठवा आकडा, म्हणजे ७४ धरलात तर दोन दिवस उशीर होईल. नववा, म्हणजे ८८ धरलात तर एकच दिवस. दहावा धरू नका. ११५ मिनिटांचा दिवस हा अपघात आहे, त्याच्यासाठी रोजची झोप गहाण टाकायची नाही. त्या दिवशी उशीर होणार, एवढंच.

आता ८८ धरून निघालात की बहुतेक दिवस वीस ते पस्तीस मिनिटं आधी पोचाल. ही मिनिटं मोकळीच ठेवा. पुष्कळ जण इथेच फसतात. लवकर पोचलोच आहोत तर दोन मेल उरकू, एक कॉल घेऊ, असं करत आठवड्याभरात ती वेळ कामाचीच होऊन बसते. मग पुढचा खोळंबा आला की राखीव काहीच उरलेलं नसतं.

हे रस्त्याच्याच गणिताने नीट कळतं. एखादा रस्ता त्याच्या क्षमतेच्या ८० टक्के भरून वाहतोय. भूमकर चौकात बस बंद पडली आणि दहा मिनिटं सगळं ठप्प झालं. बस हलवल्यावर साचलेली रांग फक्त उरलेल्या २० टक्के जागेतून निघते, म्हणून ती ओसरायला ४० मिनिटं लागतात. तोच रस्ता ९० टक्के भरलेला असेल तर तेवढ्याच दहा मिनिटांची रांग ओसरायला ९० मिनिटं लागतात. गाड्या वाढल्या थोड्याच, पण निस्तरायला लागणारा वेळ दुपटीच्या वर गेला. माणसाच्या दिवसाचंही तेच आहे. दिवस ९० टक्के ठरलेल्या कामांनी भरलेला असेल तर सकाळी गेलेला एक तास भरून निघायला पुढचे नऊ तास लागतात. म्हणजे तो त्या दिवशी निघतच नाही, संध्याकाळवर जातो. कॅलेंडर दहा-दहा मिनिटांना भरलेलं असणं हा आपल्याकडे कर्तबगारीचा पुरावा समजतात. वाहतूक अभियंता असा रस्ता बघितला की डोक्याला हात लावतो.

अडकलात की काय करायचं ते शेवटी. मेसेज एकच, आणि अडकल्याची खात्री झाल्यावरच. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठे आहात, कधीपर्यंत पोचत नाही, काय अडलंय आणि तुमच्यावाचून काय होऊ शकतं. उदाहरणार्थ, “भूमकर चौकाच्या अलीकडे आहे, साडेअकराच्या आत पोचत नाही. साडेदहाच्या मीटिंगसाठीचे माझे दोन मुद्दे ट्रॅकरवर आहेत, निर्णय घ्यायला हरकत नाही. टेस्टिंग दुपारी करतो, ते उद्या सकाळपर्यंत लागत नाही.” ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं लिहू नका. ते पाच वेळा लिहावं लागतं आणि पाचही वेळा खोटं ठरतं.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, अकरा कामगार. शिफ्ट सकाळी आठची. तिघं-चौघं सतत उशिरा येतात आणि ट्रॅफिक सांगतात. पंधरा मिनिटांपुढे उशीर झाला की मी अर्धा दिवस कापतो. तरी सुधारणा नाही. खरं कारण कोणतं आणि सबब कोणती, हे ओळखायचं कसं?

हजेरीचं रजिस्टर घ्या आणि प्रत्येकाच्या उशिराची मिनिटं वीस दिवसांची उतरवून काढा. ट्रॅफिकचा उशीर विस्कळीत असतो: आज ५, उद्या ०, परवा ४०. एखाद्याचा उशीर रोज १२ ते १५ मिनिटांचाच असेल तर तो ट्रॅफिकचा नव्हे, वेळापत्रकाचा. त्याची बस आठला दहा मिनिटं असताना सुटते किंवा मुलांना शाळेत सोडल्याशिवाय त्याला निघता येत नाही. त्याची शिफ्ट सव्वाआठ ते सव्वापाच करा, प्रश्न मिटला. एकाच मार्गाने येणारे दोघं-तिघं एकाच दिवशी अडकले असतील तर रस्ताच अडला होता, वेगळी चौकशी नको. या दोन्हींत न बसणारा एखादाच उरेल. त्याच्याशी बाजूला बसून बोला.

अर्ध्या दिवसाची कपात मात्र बंद करा. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. आकड्यात बघा. आठ तासांची शिफ्ट आणि रोज ७२० रुपये असतील तर ४० मिनिटांचे ६० रुपये होतात. तुम्ही ३६० कापताय. कायदा बाजूला ठेवला तरी हा धंद्याला तोटाच आहे. नाशिक फाट्यावर अडकलेल्या माणसाला आठ वाजून सतरा मिनिटांनी कळतं की आपला अर्धा दिवस गेला. मग तो धावपळ कशाला करेल? चहा पितो, घरचं एखादं काम उरकतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर येतो. तुमचं नुकसान ४० मिनिटांचं होतं, ते चार तासांचं झालं. वर त्याच्या मशीनवरचा जॉब दुपारपर्यंत पडून राहिला.

ठरलेले खोळंबे आधीच वर्षाच्या कॅलेंडरवर मांडा. दोन्ही पालख्या पुण्यात येतात तो दिवस, मुक्कामाचा दिवस आणि एक सासवडकडे, दुसरी लोणी काळभोरकडे निघते ती सकाळ. अनंत चतुर्दशी आणि तिचा दुसरा दिवस. या दिवसांना उशीर म्हणू नका, शिफ्टच दहाची ठेवा. खडकवासल्यातून मुठेत सोडायच्या पाण्याची सूचना आधी येते. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपलीकडची माणसं उरलेल्या पुलांवर गर्दी करतात. त्या दिवसापुरता अर्ध्या तासाचा उशीर आधीच माफ करून टाका. आणि वर्कशॉपची किल्ली दोन वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या दोघांकडे ठेवा. किल्लीवाला एकटाच अडकला म्हणून दहा जण शटरपुढे उभे, हा खोळंबा रस्त्याने केलेला नसतो.

प्रश्न : वनाझहून मेट्रोने रामवाडी, पुढे फीडर बसने विमाननगर. एकूण ५५ मिनिटं. भाषेचा कोर्स, पॉडकास्ट, ऑफिसचे मेल, सगळं करून बघितलं. काहीच पूर्ण होत नाही आणि नुसतं बसलं की अपराधी वाटतं. या वेळेचा सगळ्यात चांगला उपयोग कोणता?

आधी ही ५५ मिनिटं मोडून बघा. स्टेशनपर्यंत चालणं, गाडीची वाट, मेट्रो, बसची वाट, बस. यातला सलग तुकडा एकच, मेट्रोचा, साधारण अर्ध्या तासाचा. त्यातही बसायला जागा मिळेलच असं नाही, आणि जिल्हा न्यायालय स्टेशनला मार्ग बदलणाऱ्यांची चढउतार होते तेव्हा लक्ष मोडतंच. पंचावन्न मिनिटांचा कोर्स या तुकड्यांत बसत नाही. तो तुमच्या आळसामुळे राहिलेला नाही. ऐकायचं असेल तर वीस मिनिटांत संपणारं काहीतरी निवडा. वाचायचं तर मेट्रोतच वाचा, फीडर बसमध्ये नको. बस वळते, ब्रेक मारते, कानातला तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवतो आणि पानावर खिळलेले डोळे म्हणतात की आपण स्थिर आहोत. दोघांचं जमलं नाही की मळमळ सुरू होते.

आता अपराधीपणाबद्दल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची घटनावार नोंद करायला सांगितली. कोणत्या वेळी मन कसं होतं, हेही लिहायचं होतं. सकाळचा कामावर जायचा प्रवास यादीच्या अगदी तळाला होता. म्हणजे ही वेळ मुळातच थकवणारी असते, आणि तिच्यातून वर कामही काढायचा आग्रह आपण धरतो. इटालियन अभ्यासक चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की पायी चालणाऱ्या गावापासून मोटारींच्या शहरापर्यंत माणूस दिवसाला साधारण एक तासच प्रवासाला देत आलाय. वाहन वेगवान झालं की तो तास वाचत नाही, घर लांब जातं. तुमचे जाऊन-येऊन जवळजवळ दोन तास होतात. त्या जादा तासाला कामाला जुंपण्यापेक्षा तो जादा आहे, हे निदान मान्य करा.

आमचा सल्ला असा: जाताना हवं ते करा, येताना काही करू नका. डेक्कनच्या आसपास मेट्रो मुठेच्या पात्राच्या कडेने जाते. पावसाळ्यात पाणी कुठवर चढलंय ते खिडकीतून दिसतं. उन्हाळ्यात त्याच पात्रात जलपर्णी दिसते. ती बघा, किंवा तीही बघू नका.

प्रश्न : सिंहगड रोडवरून रोज स्कूटरने जाते. सकाळचा स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, हेल्मेटमध्ये फोन खोचून घेते. बोलत नाही, फक्त ऐकते. चालतं ना?

नाही. हातात धरून फोन वापरणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. हेल्मेटमध्ये खोचलात म्हणून सुटलो, असं समजू नका. खोचलेला फोन घसरला की हात आपोआप वर जातो, आणि तो ब्रेकवरचा हात असतो. ताशी ४० च्या वेगाने स्कूटर दोन सेकंदांत २२ मीटर जाते. पीएमपीच्या जवळजवळ दोन बस मावतील एवढं अंतर. शिवाय नुसतं ऐकतानाही, आपलं नाव कधी पुकारलं जातंय याकडे अर्धं चित्त असतं. पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये तुमचा भाग दीड मिनिटाचा असेल. तो निघण्याआधी लिहून पाठवा आणि फोन डिकीत टाका.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतला निवृत्त माणूस. आमच्या काळी दुकानं १ ते ४ बंद असत, त्यावरून जग आम्हाला हसलं. आता माझी सून सिग्नलला ९० सेकंद थांबावं लागलं तरी कासावीस होते. एवढं काय बदललं?

आजोबा, १ ते ४ ची गंमत अशी की ती सगळ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाईक अडीचला यायचंच नाही, त्यामुळे कोणाचा खोळंबा व्हायचा नाही. दुकानदार वामकुक्षी घेऊन चारला ताजा होऊन शटर वर करायचा. ठरवून रिकामी ठेवलेली वेळ कोणाला डाचत नाही. न विचारता रिकामी झालेली डाचते. तुमच्या सुनेच्या दिवसात ठरवून रिकामं काही ठेवलेलंच नाही, म्हणून तिला ९० सेकंदही डाचतात.

आणि घड्याळापुढे मान तुकवायला आपल्याकडे लोक एका दिवसात तयार झाले असंही नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. मुंबईने मात्र तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून ठेवली. सूर्य डोक्यावर आला की दुपार, हे सोडून कुणीतरी लांबून ठरवलेले बारा मान्य करणं लोकांना जड गेलं. आता घड्याळ भिंतीवरून खिशात आलंय, आणि पोचायला किती मिनिटं उरलीत तेही सांगतंय. १२ मिनिटं सांगून १९ लागली की सात मिनिटं कोणीतरी चोरल्यासारखं वाटतं. आकडा दाखवलाच नसता तर तीच १९ मिनिटं नुसता रस्ता होती.

सुनेला काही सांगायला जाऊ नका. तिच्या घरी पोचायच्या वेळेला नातवाला पाळणाघरातून तुम्ही घेऊन आलात, तर त्या ९० सेकंदांतला अर्धा जाच जाईल.

प्रश्न : बाणेरला राहते, घरून काम करते. आमच्या मावशी दापोडीहून बस बदलून येतात. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास उशीर. माझा साडेनऊचा कॉल आणि त्यांचं झाडणं-पुसणं एकाच वेळी येतं. खाडा धरावा का?

धरू नका. ऑफिसला जाणाऱ्याला उशीर झाला तर ते ‘ट्रॅफिक’ असतं. त्याच बसमधल्या मावशींसाठी ती ‘सबब’ ठरते. त्यांच्याकडे पाच घरं असतील, प्रत्येकी ५० मिनिटं आणि मधे दहा मिनिटं चालणं. पहिल्या घरी ४० मिनिटं उशीर झाला आणि प्रत्येक घराने पुरं काम मागितलं, तर पाचव्या घरीही तो ४० मिनिटांचाच राहतो आणि पाच घरांची बोलणी खावी लागतात. पण पहिल्या दोन घरांनी वीस-वीस मिनिटांचं काम सोडलं तर तिसऱ्या घरी त्या वेळेवर असतात. कोंडी फोडायची जागा पहिल्या दोन घरांत आहे, आणि तुमचं घर त्यांतलं एक दिसतंय.

फ्रिजवर एक यादी लावा: ‘उशीर झाला तर आज नको’. बाल्कनी, बाथरूमच्या फरशा, पलंगाखालचं पुसणं. भांडी आणि स्वयंपाकघर तेवढं रोज. मावशींना यादी एकदा वाचून दाखवा आणि स्पष्ट सांगा की यातलं राहिलं तर विचारणार नाही. नाहीतर त्या सगळंच घाईघाईने उरकतील आणि निसरड्या फरशीवर त्यांचाच पाय घसरेल. साडेनऊचा कॉल तुम्ही आतल्या खोलीत घ्या. झाडायला तिथून सुरुवात नको.

प्रश्न : कोंडीत अडकलो की कार जागेवर उभी असताना लॅपटॉप उघडतो आणि इंजिन चालू ठेवून कारच्याच चार्जरला लावतो. यात पेट्रोल जास्त जातं का?

जातं. छोट्या पेट्रोल कारचं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला साधारण पाऊण लिटर पितं, एसी लावला तर आणखी. म्हणजे पंचाहत्तरेक रुपये. लॅपटॉप तासाभरात ६० वॅटच्या हिशेबाने ०.०६ युनिट घेतो, घरच्या विजेने पन्नास पैशांच्या आसपास. कोंडी मिनिटभराच्या वरची दिसली की इंजिन बंद करा. पुन्हा सुरू करायला लागणारं पेट्रोल दहा सेकंद चालू ठेवण्याएवढंच असतं. अपवाद एकच: साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडायचा खर्च येतो. गाडी ढकलून बाहेर काढा किंवा टोइंग बोलवा.

लॅपटॉप मागच्या सीटखाली ठेवा. पुढची गाडी हलली की मांडीवरचा लॅपटॉप स्टिअरिंग आणि पोटाच्या मधे अडकतो, आणि पाय ब्रेकवर की क्लचवर, हे आठवायला एक सेकंद जातो.